मयालावरचा शिक्का

आजच्या एपिसोडमध्ये मागून ठकठक आवाज येत राहील, तो एडिट केलेला नाही. मी पुण्यातल्या खोलीतून बोलत नाहीये. वाशीम जिल्ह्यात, वाशीम-पुसद रस्त्यावर अनसिंग म्हणून गाव आहे, तिथल्या आमच्या घरासमोर खाटेवर बसून रेकॉर्ड करतेय, आणि समोर आमचंच घर उतरवणं चाललंय. तुम्ही हे ऐकण्याऐवजी वाचत असाल, तर तो आवाज मनानेच घ्या.

घर म्हणजे धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, वर आडवे मयाल, त्यावर बल्ल्या, बल्ल्यांवर पऱ्हाट्या आणि वरून पांढऱ्या मातीचा थर. गेल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. बाबांनी ठरवलं, आता स्लॅबचंच घर. मजुरांनी माती खाली ओढली, पऱ्हाट्यांचा भुगा झाला, बल्ल्यांपैकी निम्म्या वाळवीने पोखरलेल्या निघाल्या. आणि मयाल? सातही मयाल जसेच्या तसे. आमच्या सुतारकाकांनी एकावर बोटाच्या पेराने टकटक केली आणि म्हणाले, "हे पाय बाई, कसं वाजते. सागोन हाये. याले काई होत नाई."

दुसऱ्या दिवशी वाशीमहून जुन्या लाकडाचा व्यापारी हजर. बातमी कशी पोचते देव जाणे. त्याने टेप लावला, घनफूट काढले आणि जो भाव सांगितला तो ऐकून बाबा गप्पच झाले. स्लॅबचं अर्धं लोखंड त्यात येत होतं.

तेव्हा मला प्रश्न पडला की ज्या घराची भिंत टिकली नाही, छत टिकलं नाही, त्या घराचं लाकूड नव्वदेक वर्षांनंतर इतकं महाग कसं? आणि त्याच दिवशी मयालाच्या टोकाला, जो भाग इतकी वर्षं भिंतीच्या आत होता तिथे, मला एक खूण दिसली. त्या खुणेकडे मी नंतर येते, कारण सगळी गोष्ट तिथेच अडकलीय.

आधी लाकूड. काकांनी एका मयालावर रंधा मारला. वरचा काळपट थर गेला आणि आत सोनेरी-तपकिरी रंग, त्यात गडद रेषा. वास आला, जुन्या चामड्याच्या पिशवीसारखा. हात लावला तर किंचित तेलकट. हेच सागाचं गुपित आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, थोडा रबरासारखा चीक असतो आणि टेक्टोक्विनोन नावाचं एक रसायन असतं, जे वाळवीला चालत नाही. त्यात वाळूतलीच सिलिका असते. म्हणून सागावर काम करताना पटाशी आणि रंध्याचं पातं लवकर बोथट होतं. काका दर थोड्या वेळाने दगडावर पातं घासत बसतात ते त्यामुळे. पण हे सगळं गाभ्यात. बाहेरचा जो फिक्कट, पांढरट भाग असतो त्यात ही ताकद नसते. आमच्या बल्ल्याही सागाच्याच होत्या, पण कोवळ्या झाडांच्या, पांढरा भाग जास्त, म्हणून वाळवीने त्यांचा फडशा पाडला. झाड एकच, फरक फक्त वयाचा.

आणखी दोन गोष्टी. साग उन्हापावसात फार फुगत नाही, फार आकसत नाही, म्हणून दार अडकत नाही. आणि तो हलका आहे. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो. म्हणजे पाण्यापेक्षा हलका, पण ताकदीला भारी. ओक नावाचं जे युरोपातलं लाकूड आहे, त्याच्यातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागात तसं होत नाही. हा खिळ्यांचा मुद्दा लक्षात ठेवा, यावरून पुढे जहाजं येणार आहेत.

किती जुना साग टिकतो? पुण्या-मुंबईकडचे असाल तर कार्ल्याच्या लेण्यात गेला असाल. मुख्य चैत्यगृहात मान वर केलीत तर दगडाच्या छताला लाकडाच्या कमानी लावलेल्या दिसतात. त्या नंतर कोणी दुरुस्ती करून बसवलेल्या नाहीत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचंच लाकूड आहे, सागाचं. छताला त्यांची गरज नाही, डोंगर स्वतःच्या बळावर उभा आहे. पण तेव्हाच्या कारागिरांच्या डोक्यात इमारत म्हणजे लाकूड हे इतकं पक्कं होतं की दगडातही त्यांनी लाकडी घर बांधलं. पुढे काही शतकांनी अजिंठ्याच्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत बघा, तिथे त्याच कमानी थेट दगडात कोरल्यात. आणि त्या काळात अजिंठ्यावर ज्याची सत्ता होती, त्या वाकाटक राजा हरिषेणाची राजधानी कुठे होती? वत्सगुल्म. म्हणजे आमचं वाशीम. माझ्या अनसिंगपासून बसने जाऊन भाजी आणता येईल इतक्या अंतरावर. (हे मी प्रत्येक एपिसोडमध्ये सांगते, माफ करा, पण आमच्याकडे मिरवायला दुसरं फार काही नाही.)

आता एक व्हॉट्सॲप फॉरवर्ड. तुम्हालाही आला असेल: शिवाजी महाराजांनी आज्ञा केली होती की रयतेची आंबा-फणसाची झाडं जहाजांसाठी तोडू नका, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलीत. मजकूर खरा आहे, पण तो आहे आज्ञापत्रात, आणि आज्ञापत्र हे रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या आसपास कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेलं आहे. महाराजांच्या धोरणाचा वारसा त्यात आहे हे नक्की. पण फॉरवर्डमध्ये त्याच परिच्छेदातली सागवानाची ओळ बहुतेक वेळा गळते. अमात्य म्हणतात की आरमाराला मोठं लाकूड लागतं. राज्यातल्या अरण्यात सागासारखी झाडं आहेत, त्यातली सोयीची तेवढी हुजूरच्या परवानगीने तोडावीत. म्हणजे आंबा रयतेचा, घ्यायचाच झाला तर मालकाला राजी करून, पैसे देऊन. आणि रानातल्या सागासाठी परवानगी सरकारची. तीनशे वर्षांपूर्वी ही रेघ आखलेली दिसते. फक्त तेव्हा ती रेघ आरमारापुरती होती. गावाच्या गरजा तिच्या अलीकडे होत्या.

इंग्रजांनी काय केलं? त्यांना जहाजं हवी होती आणि त्यांच्या देशातला ओक संपत चालला होता. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणी कारागीर सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. त्यांच्या घराण्याने पुढे इंग्रजांच्या नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधल्या. त्यातली एक, त्रिंकोमाली, १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. ती आजही तरंगतेय. इंग्लंडमध्ये हार्टलपूल नावाच्या बंदरात संग्रहालय म्हणून उभी आहे. खिळे गंजत नाहीत, फळ्या कुजत नाहीत. दुसरी, कॉर्नवॉलिस, हीसुद्धा मुंबईचीच, तिच्यावर बसून १८४२ मध्ये चीनशी नानकिंगचा तह झाला.

या जहाजांचा साग मुख्यतः मलबारच्या जंगलातला. तो हातात राहावा म्हणून १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला जंगलाचा संरक्षक नेमलं आणि सागावर मक्तेदारी लावली. लोकांची आणि लाकूड व्यापाऱ्यांची इतकी ओरड झाली की १८२३ मध्ये ती उठवावी लागली. मला हे वाचताना गंमत वाटली. नाव 'संरक्षक', काम तोडणीचं नियोजन. तसं 'टीक' हे नावही तिकडचंच: मलयाळममधला 'तेक्कु', त्याचा पोर्तुगीजांनी 'तेका' केला, इंग्रजांनी 'टीक'. शास्त्रीय नाव १७८२ चं, टेक्टोना ग्रँडिस; टेक्टोना हे ग्रीक भाषेतल्या सुतार या शब्दावरून आलंय असं सांगतात. आपला 'साग' संस्कृतातल्या 'शाक'वरून. आणि अनसिंगला आम्ही म्हणतो सागोन.

आता वऱ्हाडात या. १८५३ मध्ये निजामाने कंपनीच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. कागदोपत्री प्रांत निजामाचा, कारभार इंग्रजांचा. इंग्रजांना इथला कापूस हवा होता आणि कापसासाठी रेल्वे. १८६७ पर्यंत मुंबईहून अकोल्यामार्गे नागपूरला गाडी पोचली. शाळेच्या पुस्तकात वाचलं असेल, एक मैल रुळाला १७६० ते २००० स्लीपर लागायचे, आणि साग हे स्लीपरच्या तीन लाडक्या लाकडांपैकी एक, साल आणि देवदार ही दुसरी दोन. रेल्वे पसरत गेली तशी जंगलाकडे बघायची सरकारची नजर बदलली. १८६४ मध्ये वनखातं सुरू झालं, प्रमुख म्हणून जर्मन शास्त्रज्ञ डीट्रिच ब्रँडिस आले. ब्रह्मदेशच्या सागाच्या जंगलात त्यांनी आधी काम केलं होतं. मग १८६५ आणि १८७८ चे वनकायदे.

वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश भारतात नव्हतं, म्हणून आमच्यासाठी वेगळा कायदा आला, १८८६ चा. त्यात जंगलाचे तीन वर्ग पाडले: अ, ब आणि क. अ म्हणजे इमारती लाकूड आणि जळण, ब म्हणजे गवताची कुरणं, क म्हणजे गुरचराई. वाचायला किती नीट वाटतं ना? पण गावातली बाई जंगलात जायची तेव्हा सरपण, गवत, पळसाची पानं, मोहाची फुलं आणि घरासाठी एखादी बल्ली हे सगळं एकाच वाटेने यायचं. आता त्या वाटेचे तीन वर्ग झाले, आणि प्रत्येकासाठी फी, पास, नाहीतर दंड.

अनसिंगच्या भागातला साग काही आलापल्लीसारखा आकाशाला भिडणारा नाही, हे खरं सांगायला हवं. आमच्याकडे पाऊस कमी, जमीन उथळ. इथलं झाड हळू वाढतं, बुटकं राहतं, गाठी जास्त. पण घराला मयाल, चौकट, दार करायला तेवढं पुरतं. तेच आता परवान्याचं झालं.

सरकारी जंगलातून रीतसर विकत घेतलेल्या लाकडावर वनखातं हातोड्याने शिक्का मारतं. तेव्हाही मारायचं, आजही मारतं. शिक्का नसेल तर लाकूड चोरीचं असा संशय. आणि मी मघाशी म्हणाले ती खूण हीच होती. आमच्या सात मयालांपैकी दोघांच्या टोकाला हातोड्याचा शिक्का आहे. अक्षर झिजलंय, पण गोल ठसा स्पष्ट आहे. उरलेल्या पाचांवर काहीच नाही.

मी आजीला विचारलं. आजी ऐंशीच्या पुढची आहे, या घरात लग्न होऊन आली तेव्हा घर आधीच जुनं होतं. ती म्हणाली, तिच्या सासूने सांगितलं होतं की घर उभं राहिलं ते अणेसाहेबांनी गवत कापलं त्याच्या दुसऱ्या वर्षी.

गवत कापलं म्हणजे काय, ते आता ऐका. १९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. वऱ्हाडात समुद्र कुठून आणायचा? अकोल्याकडे दहीहांड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ केलं गेलं. पण जूनमध्ये पाऊस लागला की मीठ वाळणार कसं? मग इथल्या लोकांनी असा कायदा शोधला जो प्रत्येक गावाला रोज टोचत होता, तो जंगलचा. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून विळ्याने गवत कापलं. अटक झाली, शिक्षा झाली. त्यानंतर यवतमाळ, अकोला, बुलढाणा, जिकडेतिकडे माणसं विळे घेऊन जंगलात जायला लागली. तिकडे कोकणात चिरनेरला सप्टेंबरमध्ये जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, माणसं मारली गेली. अनसिंगहून पुसद बाईकने तासाभराचा रस्ता आहे. तेव्हा बैलगाडीने रात्र लागत असेल.

झाडं न तोडता गवतच का कापलं, असं मला नेहमी वाटायचं. मला लागलेला अर्थ असा: गवत पुन्हा उगवतं. त्यात जंगलाचं नुकसान नव्हतं, फक्त हक्काचा प्रश्न होता. झाडाला कुऱ्हाड लावली असती तर सरकारला चोर म्हणायला सोपं गेलं असतं.

पण मग आमचे पाच मयाल? पणजोबांनी दोन विकत आणले आणि पाच रात्री आणले? की ते शेतातल्या स्वतःच्या झाडांचे होते? की त्या वर्षी जंगलावरचा धाकच सुटला होता आणि सगळं गाव आणत होतं? आजीला मी सरळच विचारलं. ती सुपारी कातरत म्हणाली, "कायले उकरून रायली माय? जंगल काय परक्याचं होतं?" आणि विषय संपला. बाबांना मात्र ते आवडलं नाही. ते शिक्षक होते, त्यांच्या डोक्यात आजा म्हणजे सरळमार्गी माणूस. दोन दिवस ते त्या पाच मयालांजवळ गेले नाहीत.

इतिहासाच्या पुस्तकात याचं उत्तर मिळणार नाही. लाकडात कदाचित मिळेल. सागाच्या झाडात दरवर्षी एक वलय तयार होतं, आणि पाऊस चांगला तर वलय जाड, दुष्काळ तर बारीक. पुण्यात आयआयटीएम नावाची हवामानाची संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ मध्य भारतातल्या सागाच्या वलयांवरून जुना पाऊस वाचतात. म्हणजे झाड साधारण कोणत्या साली तुटलं तेही काढता येतं, वरची साल शाबूत असेल तर. आमच्या मयालांची साल तासून टाकलेली आहे. चोरी असो नसो, पणजोबांनी काम चोख केलं होतं.

स्वातंत्र्यानंतरचं थोडक्यात सांगते. १९६४ मध्ये महाराष्ट्राने वृक्षतोडीचं नियमन करणारा कायदा केला. त्यात आंबा, चिंच, मोह यांच्यासोबत साग आहे. झाड तुमच्या बांधावर असलं तरी तोडायला परवानगी लागते, आणि हलवायला वाहतूक पास. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आलं, त्याने विदर्भात सागाची मोठी लागवड केली. नव्वदच्या दशकात वेगळाच प्रकार झाला. 'सागवानात पैसे गुंतवा, वीस वर्षांत लखपती व्हा' अशा जाहिराती यायच्या. शहरातल्या कितीतरी नोकरदारांनी न बघितलेल्या झाडांचे हिस्से घेतले. पाणी देऊन झाड भराभर वाढतं, पण गाभा भरायला वर्षंच लागतात, ते जाहिरातीत नव्हतं. बऱ्याच कंपन्या बुडाल्या आणि १९९९ मध्ये सेबीला अशा योजनांसाठी नियम करावे लागले.

बाजारात मात्र जुनी नावं अजून जिवंत आहेत. लाकडाच्या वखारीत जा आणि विचारा, दुकानदार म्हणेल, "बर्मा पाहिजे की सीपी?" बर्मा नावाचा देश १९८९ पासून म्यानमार आहे आणि त्याने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यातच बंद केली. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, हा प्रांत १९५० मध्ये संपला. आमच्या आजीला आपण कधीकाळी सीपी अँड बेरारमध्ये राहत होतो हे आठवत नाही, पण वखारवाल्याला आठवतं. दिल्लीच्या नव्या संसदेत जो साग लागलाय तो नागपूरहून गेलेला, आणि अयोध्येच्या मंदिरासाठीचा मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून निघाला. दोन्ही सीपीच.

आता आमच्याकडे परत. बांधावर आजोबांनी लावलेली नऊ सागाची झाडं आहेत, चाळीस वर्षांची. बाबांचा विचार होता, दोन तोडून नव्या घराची दारं करू. चौकशी केली तर कळलं, सातबाऱ्यावर त्या झाडांची नोंदच नाही. नोंद नाही म्हणजे कागदावर झाडं नाहीत, आणि नसलेली झाडं तोडायची परवानगी कशी मागणार? बाबा शिक्क्याशिवायच्या मयालांवर नाराज होते ना, त्या दिवशी घरी आल्यावर ते बराच वेळ त्यांच्यावर बसून राहिले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काई नाई. चहा कर."

व्यापारी पुन्हा आला. त्याला सातही हवे होते, सोबत जुन्या घराचं लाकूड असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला. बाबा द्यायला तयार होते. तेव्हा आजी ओसरीवरून म्हणाली, "शिक्क्याचे घेऊन जा. ते पैसे देऊन आणले, पैशाले जाऊ द्या. बाकीचे ठेवा." बरीच बाचाबाची झाली, लोखंडाचा हिशेब पुन्हा मांडला गेला. शेवटी चार गेले, शिक्क्याचे दोन आणि बिनशिक्क्याचे दोन. तीन राहिले. काकांच्या मापाप्रमाणे त्यात पुढची चौकट, दोन कवाडं आणि देवघरासाठी एक पाट होतो.

तुम्हाला आता जो आवाज येतोय तो त्या चौकटीचा आहे. काका पातं घासतायत. सातबाऱ्यावर नऊ झाडांची नोंद व्हावी म्हणून अर्ज दिलाय, दोन फेऱ्या झाल्या. तिसरी सोमवारी.